पांदणीत काट्या पडल्यात, आता गाडी घालायची कुठं?

चाकोरीबाहेर

राम राम मंडळी. आधी गाऱ्हाणं सांगतो, मग प्रश्न विचारतो.

गेली सहा वर्षं आम्ही पाच जण रविवारी उजाडायच्या आत संभाजीनगरातून निघतो. फुलंब्रीच्या अलीकडे डांबरी सोडायची आणि डोंगराच्या कुशीने जाणारी एक पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, धरायची. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) जेमतेम साडेचार किलोमीटर, पण त्यात काय नाही! सुरुवातीला मुरूम. मग दोन्ही अंगांनी निवडुंग आणि हिवरं इतकी आत आलेली की हँडलवरची बोटं सोलून निघतात. मग ओढा, त्यात नारळाएवढे गोटे. ओढ्यापलीकडे एक काळा कातळ आहे, त्याला आम्ही 'हिशेब' म्हणतो, कारण आठवडाभराच्या फुशारकीचा हिशेब तिथे चुकता होतो. अर्ध्यात क्लच दाबला की माणूस गाडीसकट मागे ओढ्यात. कातळ चढला की माळ लागतो आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर देवगिरी दिसतो. म्हणजे आमच्यातला एक जण तो देवगिरी आहे म्हणतो, दुसरा म्हणतो ती दगडखाण आहे. सहा वर्षं झाली, निकाल नाही.

मागच्या रविवारी ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर आडव्या काट्या. बाभळीच्या नाहीत, बोरीच्या. टाकणारा जाणकार आहे. बाभळीची फांदी ओढून बाजूला करता येते, बोरीची आकडी अंगाला धरून बसते. त्यावर ट्रॅक्टरचं फुटकं टायर, आणि खताच्या गोणीवर निळ्या रंगाने लिहिलेलं, 'मोटारसायकल बंद'. कडेला शेळी आणि माणूस जाईल एवढी फट ठेवलीय, हँडल जाणार नाही अशी बेताची.

आम्ही गाड्या वळवल्या. कुणी भेटलं नाही, कुणाला विचारलंही नाही. आता विचारतो ते असं, की तुमच्याकडे असं झालंय का? पांदण तर सगळ्यांची असते ना? बोलायचं तर कुणाशी, तलाठ्याशी, सरपंचाशी, का ज्याने काट्या टाकल्या त्याच्याशी?

फुल_थ्रॉटल

काट्या बाजूला करा आणि जा. पांदण सरकारी असते. कुणाच्या बापाची नाही.

कापूसकोंड्याची_गोष्ट

वर कुणी लिहिलं 'कुणाच्या बापाची नाही'. आवो, त्या पांदणीच्या दोन्ही अंगाला ज्याची शेतं हैत त्याच्या बापाचीच राहती ती जमीन. आज्ज्यानं बैलगाडी जावी म्हणून सोडलेली. तुमी रविवारी येता, आमी रोज जायलो. जरा दमानं.

तलाठ्याचा_पोरगा

दोघंही थोडे बरोबर, थोडे चूक. वडील चौतीस वर्षं तलाठी होते, त्यामुळे हे दळण मी लहानपणापासून ऐकलंय. जरा लांबड लावतो.

पहिलं काम, गाव नकाशा बघा. भूमी अभिलेखच्या कार्यालयात मिळतो. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, सव्वाआठ फूट. तुमची पांदण दुहेरी रेषेत असेल तर ती सार्वजनिक वाट, आणि ती काट्या टाकून बंद करण्याचा अधिकार कुणाला नाही. आता जागेवर एकवीस फूट कुठेच सापडणार नाहीत, कारण दोन्हीकडचे शेतकरी दरसाल नांगरताना एकेक तास (नांगराची एक ओळ) आत घेतात. वीस वर्षांत गाडीमार्गाची शेळीवाट होते.

पण पुष्कळ वाटा नकाशात नसतातच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३. आत शेत असलेल्या शेतकऱ्याला तहसीलदार शेजाऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतो. ती वाट त्या शेतकऱ्याला शेतात जायला दिलेली असते. तिथे तुमची गाडी गेली तर तुम्ही आगंतुक. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा करता येतो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पण तोही शेती, चराई असल्या वापरासाठी. मजेसाठी फिरणाऱ्याला त्यात जागा नाही.

म्हणजे कायद्याने बघितलं तर बहुतेक ठिकाणी तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्याने यजमानाच्या दाराची कडी काढून आत जाऊ नये.

फुल_थ्रॉटल

बरं, 'बापाची'वाला शब्द मागे घेतो. पण नकाशात दुहेरी रेषा निघाली तर?

तलाठ्याचा_पोरगा

तरी आधी चहा प्या आणि मग नकाशा काढा. उलटं केलं की गाव कायमचं हातचं गेलं.

मिस्तरी_वाळूज

चाकोरीबाहेर साहेब, नाव 'चाकोरीबाहेर' आणि सहा वर्षं एकाच पांदणीत चाकोरी पाडताय! 😀

कोणत्या गाड्या आहेत? सायलेन्सर कंपनीचे आहेत का बाजारातले? माझ्याकडे गॅरेजला दर शनिवारी दोघं-तिघं येतात, 'मामा, आतली जाळी काढून द्या'. मी देत नाही. गाडी पळते तेवढीच, नुसती ओरडते. आणि दंड बसतो तो वेगळाच.

चाकोरीबाहेर

तीन एक्सपल्स, एक जुनी इम्पल्स आणि माझी हिमालयन. चौघांचे कंपनीचेच. एकाचा… आहे बाजारातला. मला वाटत होतं चालतं.

परभणीचा_पाहुणा

सापडला चोर.

स्प्लेंडर_जिंदाबाद

हसू येतं या गाड्यांची नावं ऐकून. आमच्याकडे दूधवाला रोज पहाटे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरची कॅन, मागे पेंडीचं पोतं आणि पोतं धरायला पोरगं घेऊन त्याच वाटेने येतो. स्प्लेंडर. मागचा दिवा २०१४ पासून नाही. एकवीस इंची चाक नाही, पायात बूट नाही, स्लीपर आहे. आणि तो ज्याला ओढा म्हणतो त्याला तुम्ही 'सेक्शन' म्हणता.

मिस्तरी_वाळूज

हे खरंय. पण त्याच्या स्प्लेंडरचे मागचे शॉकअप दर सहा महिन्याला मीच बदलतो, ते पण सांगा की. एक्सपल्सला जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची आहे, म्हणून तिचं इंजिन गोट्यावर आपटत नाही. स्प्लेंडरवाल्याने खाली पट्टीचा जाड पत्रा वेल्डिंग करून घेतलाय. ज्याचं त्याचं शास्त्र.

आणि एक. गावात बजाज येण्याआधीचा जमाना आठवतो, राजदूत आणि येझदी. १९८५ ला वाळूजचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे आमच्या अख्ख्या गल्लीत बारक्या पोरालाही पाना-पकड कळायला लागली. आज इथली पोरं गाडी उघडून परत जोडतात, ती विद्या तिथून झिरपलेली आहे. विषयांतर झालं, माफी.

गोदाकाठ

विषयांतर चालू आहेच तर माझंही घ्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय की पैठण आणि तेरहून माल भडोच बंदराला जायचा तो गाड्यांतून, मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून. पैठणचा अकीक, तेरचं कापड. म्हणजे मराठवाड्यात ऑफ-रोडिंग दोन हजार वर्षं जुनं आहे आणि ते सुरू केलं बैलांनी.

परभणीचा_पाहुणा

आणि बैलांना कुणी काट्या टाकल्याचं ऐकिवात नाही, कारण ते सायलेन्सर बदलत नव्हते.

वाफसा

मी शेतकरीही आहे आणि माझ्याकडे एक्सपल्सही आहे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो. आमचं गाव गेवराईकडे, काळ्या रानातलं. मृग तोंडावर आलाय म्हणून वेळेत लिहून टाकतो.

काळ्या मातीचा स्वभाव बाहेरच्याला कळत नाही. पाणी प्यायली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. ओली असताना गाडी घातली की पहिल्या पन्नास फुटांत चाक आणि मडगार्ड यांच्यात कणकेसारखा गोळा भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग तुम्ही काडीने, चमच्याने, एटीएम कार्डाने माती खरवडत बसता (कार्ड मोडतं, स्वानुभव). ते तुमचं दुखणं झालं. आमचं दुखणं नंतर सुरू होतं.

तुम्ही जोर देऊन काढलेल्या गाडीने वीतभर खोल चर पडतो. दोन दिवस ऊन पडलं की तो चर विटेसारखा घट्ट. मग पुढचा पूर्ण पावसाळा त्याच चरात बैलाचा पाय मुरगळतो, शाळेत जाणाऱ्या पोरीची सायकल अडकते, म्हातारी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन पडते. आमच्या चुलतीचं मनगट असंच मोडलं. चर पाडणारा कोण, कुठला, कधीच कळलं नाही. तो बिचारा घरी जाऊन गाडी धूत असणार.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची होऊन माती मोकळी झाल्याशिवाय, रानात औत घालत नाही. तुम्हीही वाफसा आल्याशिवाय पांदणीत गाडी घालू नका. ओळखायचं कसं? मूठभर माती दाबा. लाडू वळून हाताला चिकटली तर घरी जा. दाबून सोडल्यावर फुटली तर चला. मुरूम आणि खडकाच्या वाटा पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी चालतात. काळ्या रानात चार-पाच दिवस तरी कळ काढा, झड लागली असेल तर तो महिनाच सोडा.

स्प्लेंडर_जिंदाबाद

एटीएम कार्ड 😂😂 मी पॅनकार्ड वापरलंय.

पल्सरवरची_पोर

वाफसा दादा, लाडूची परीक्षा वहीत लिहून घेतली.

मी धाराशिव भागात एकटी फिरते. बालाघाटाच्या कडेच्या वाटा, येडशी-रामलिंगच्या अलीकडच्या. (अभयारण्याच्या आत नाही, आधीच सांगते.) एकट्या मुलीला पांदणीत दोन गोष्टींची भीती असते, पडण्याची आणि माणसांची. पडण्याचं सोडा. माणसांबद्दल मात्र उलटा अनुभव आला. पहिल्यांदा गेले तेव्हा एका वस्तीवर थांबून हेल्मेट काढलं आणि एका आजीला विचारलं, 'आजी, ही वाट वर निघते का?' आजीने वाट सांगायच्या आधी कुणाची, कोणत्या गावची, लग्न झालं का, पगार किती, सगळं विचारून घेतलं. मग ताक दिलं. आता मी जाते तेव्हा त्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. एकदा वर चेन तुटली तर आजीच्या नातवाने टमटम आणून गाडी खाली आणली.

सांगायचं काय, की हेल्मेट काढा. तोंड दिसत नाही तोवर तुम्ही माणूस नसता, आवाज असता.

कापूसकोंड्याची_गोष्ट

पोरीनं एका वळीत सांगितलं ते आमाला इतकं लिहून जमलं नसतं. आमच्याकडं बी तेच हाय. पाच-सहा जण येतात, समदे अंतराळवीरासारखे, कुणी थांबत नाही, हात बी करत नाही. बैल बुजतो, शेळ्या पांगतात. मग माणूस काय म्हणंल?

टिटवी

माळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

चाकोरीबाहेर, तुम्ही कातळ चढून ज्या माळावर पोचता तो तुम्हाला रिकामा दिसतो. सरकारी कागदांतही अशा माळाला पडीकच म्हणतात. आता, या दिवसांत, गाडी बंद करून तिथे पंधरा मिनिटं बसा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर समजा की जवळपास अंडी आहेत. घरटं म्हणजे काय, उघड्यावर खळगी, भोवती खडे आणि लेंड्या. अंडी मुरमाच्या रंगाची, काळे ठिपके, दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. गाडीवरून दिसण्याचा प्रश्नच नाही. चंडोल, धाविक हेही जमिनीवरच अंडी घालतात.

माझे आजोबा टिटवीची अंडी बघून पावसाचा अंदाज बांधायचे. चार अंडी, चार महिने पाऊस. उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर दुष्काळ. हवामान खात्याचा काय तो मान राखून सांगते, आजोबा पुष्कळदा चुकायचे. पण त्या अंड्यांपाशी ते एक दगड उभा करून ठेवायचे, औत वळवायला खूण म्हणून. नांगराची दोन तासं वाकडी जायची तिथे.

माळावर पोचलात की एकाच चाकोरीतून जा, रान मोकळं आहे म्हणून गोल-गोल फिरवू नका. एवढंच म्हणणं आहे.

चाकोरीबाहेर

टिटवी ताई, वरती आम्ही 'आठ'चे आकडे काढायचो गाडीने. कुणी सांगितलंच नव्हतं. टिटव्या ओरडायच्या ते आम्हाला आवडायचं उलट.

डोंगरदऱ्या_कन्नड

जंगलाचंही एकदा स्पष्ट करून टाकतो, कारण गौताळ्याचे व्हिडिओ टाकणारे वाढलेत. गौताळा औट्रम घाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. डांबरी सोडून आत गाडी घालणं म्हणजे सरळ गुन्हा. राखीव जंगलालाही भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ आहे. 'फाटक उघडं होतं' हे उत्तर चालत नाही.

२०२१ मध्ये तिकडे टिपेश्वरहून वाघ चालत आला. कित्येक दशकांनी. जिथे वाघाला शांतता वाटली तिथे तुम्ही गाडी घालून 'राइड विथ द टायगर' कशाला करायची?

परभणीचा_पाहुणा

वाघाने परमिट काढलं होतं का पण?

डोंगरदऱ्या_कन्नड

त्याने सायलेन्सर बदललेला नव्हता.

फुल_थ्रॉटल

हा सायलेन्सर आज आमच्या मानगुटीवरून उतरत नाही 🙏

बरं, एक वेगळा मुद्दा. मी मागच्या वर्षी एक ट्रॅक ॲपवर टाकला होता. आमच्या जालन्याकडचा. चांगल्या मनाने टाकला, इतरांनाही मजा मिळावी. तीन महिन्यांत तिथे पुण्यावरून वीस-वीस गाड्या यायला लागल्या. वरती बाटल्या, चिप्सची पाकिटं. दिवाळीत गेलो तर ग्रामपंचायतीने जेसीबीने आडवा चर मारलेला. तो चर एका अर्थी मीच मारला.

तलाठ्याचा_पोरगा

म्हणून मूळ धाग्यात गावाचं नाव नाही, ते शहाणपण.

नळदुर्गची_खिडकी

मला हे पटत नाही. आपण शोधलं म्हणून आपलं, दुसऱ्याला सांगायचं नाही, ही कोणती रीत? मलाही कुणीतरी पहिल्यांदा वाट दाखवलीच होती. लपवून ठेवलेल्या वाटेसाठी उद्या भांडायला पाच माणसं. वीस गाड्या येणार असतील तर वीस जणांना शिकवा.

फुल_थ्रॉटल

शिकवणार कोण? ॲपवर लाडू वळून दाखवता येत नाही.

पल्सरवरची_पोर

मधला मार्ग. वाट सांगायची, पण सोबत नेऊन. पहिल्यांदा येणारा ओळखीच्या माणसामागे जाईल, वस्तीवर थांबेल, ताक पिईल. नंतर त्याने एकट्याने जावं. नकाशा नाही द्यायचा, आजीची ओळख द्यायची.

नळदुर्गची_खिडकी

हं. हे चालेल.

लातूरचा_लांबरुट

सगळे काट्यांवर बोलायलेत, पण माझं दुखणं उलटं. आमच्या पांदणी उघड्या हैत आणि तरी संपायल्यात. २०२१ च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं. अतिक्रमणं निघाली, खडी पडली, रोलर फिरला. माझ्या लहानपणीची वाट, जिच्यात मी लुना शिकलो, ती आता सरळसोट मुरमाचा रस्ता. ट्रॅक्टर भरधाव.

मला वाईट वाटलं म्हणून पारावर बोललो, तर चुलता म्हणाला, 'गेल्या साली तुझ्या आजीला पावसात बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणलं ते विसरला का?' मी गप्प. सोयाबीन वेळेत बाहेर निघतंय, ॲम्ब्युलन्स वस्तीपर्यंत येतीय. आपल्या चिखलाच्या हौशीपायी ती वाट तशीच राहावी असं कसं म्हणायचं? मी आता तिथून जाताना हात करून पुढे डोंगराकडे जातो, बस.

कापूसकोंड्याची_गोष्ट

लांबरुट भौ, तुमचा चुलता आमच्या पंगतीचा दिसतो.

वाफसा

आणि रस्ता झाला तरी वर्षभरात आमच्या काळ्या मातीने खडी गिळली की परत तुमची पांदण तयार. काळजी करू नका.

लातूरचा_लांबरुट

😂 झालंय की तसं एका ठिकाणी.

चाकोरीबाहेर

मंडळी, कालच्या रविवारी जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

तिघंच गेलो, साध्या गाड्यांवर. माझी शाइन आणि मित्राची ॲक्टिव्हा. काट्यांपाशी न जाता पहिल्या मळ्यापाशी थांबलो, हेल्मेट काढलं. बाजेवर एक म्हातारा दाढी करत बसलेला, आरसा बाभळीच्या बेचक्यात टेकवलेला. मी म्हणालो, 'नाना, त्या काट्या कुणी टाकल्या?' त्यांनी वस्तरा न थांबवता सांगितलं, 'म्या.'

मला वाटलं होतं आवाज, बाटल्या, बुजलेला बैल, असलं काहीतरी निघेल. नाना दाढी पुरी करून उठले आणि आम्हाला वळणावर घेऊन गेले. ओढ्याच्या अलीकडे, जिथे पांदण चिंचोळी होते, तिथे जमिनीतून त्यांची ठिबकची सबमेन आडवी गेलीय. अडीच इंची. पलीकडे तीनशे झाडं मोसंबी आहे, विहीर अलीकडे. पाईप पुरला तेव्हा दीड फूट खोल होता. पण बरोबर तिथूनच चढ सुरू होतो, आणि चढाला आम्ही काय करतो? गिअर टाकून पिळतो. मागचं चाक जाग्यावर फिरतं, मुरूम मागे फेकतं. सहा वर्षं. त्या जागी पाळण्यासारखा खळगा झालाय, मी त्याला नेहमी 'मस्त किकर' समजून उडी मारायचो.

एप्रिलमध्ये एका रविवारी पाईप फुटला. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती आणि मोटारीला ऑटोस्विच. रात्री लाईट आली, मोटार आपोआप सुरू झाली, नाना वस्तीवर झोपलेले. रात्रभर पाणी त्या खळग्यातून ओढ्यात गेलं. सकाळी मोसंबी कोरडी आणि विहिरीत तळ दिसायला लागलेला. एप्रिलमधली विहीर. पुढचे बारा दिवस टँकरने झाडं जगवली. चाळीसेक झाडांची फळं गळाली ती गळालीच.

मी विचारलं, 'नाना, आमच्याच गाड्या होत्या हे कशावरून?' ते म्हणाले, 'तुमच्याच असं म्या कुठं म्हणलं? गाड्या होत्या.' मग थोड्या वेळाने, 'एक हिरवी होती, लई वरडायची.'

हिरवी आमच्याच मित्राची आहे. सायलेन्सर बाजारातला. तो सोबत उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी बघितलं नाही.

टँकरचे पैसे देतो म्हणालो. नानांनी हात झटकला. म्हणाले, 'पैशानं मोसंबी लागती का? पाईपाचं बघा काई तरी, पाऊस पडल्यावर मला खांदायला जमत न्हाई.'

मिस्तरी_वाळूज

बोअरच्या केसिंगचा लोखंडी तुकडा घ्या, सहा इंची. भंगारात मिळतो, किलोवर. पांदणीची रुंदी आणि वर दोन्हीकडे फूटभर जास्त. त्याच्या आतून सबमेन ओवायची आणि केसिंग दोन-अडीच फूट खोल पुरायचं. वरून ट्रॅक्टर गेला तरी काही होत नाही. जोडाला कपलर आणि सोल्यूशन मी देतो. माझ्याकडे वाळूजला बारा फुटी तुकडा पडून आहे, पैसे नकोत.

वाफसा

वर दगडी पिचिंग करा, नुसती माती नको. नाहीतर परत खळगा. आणि चढ सुरू व्हायच्या आधी दहा फूट गिअर टाकायची सवय लावा, चाक जाग्यावर फिरता कामा नये. टायरची हवा वीसच्या आसपास ठेवली तर पकड मिळते, पिळावं लागत नाही.

फुल_थ्रॉटल

मी जालन्याहून येतो. टिकाव आहे.

तलाठ्याचा_पोरगा

गाव नकाशा काढला का मग? उत्सुकता म्हणून विचारतो.

चाकोरीबाहेर

नाही काढला. नानांना विचारलं. म्हणाले, 'गाडीरस्ता हाय, नकाशात हाय, आमच्या बापाच्या काळापास्नं हाय. म्या अडवायला नको होतं, पण मग तुमी थांबला असता का?'

मिस्तरी, तुकडा कसा आणायचा? बारा फुटी एक्सपल्सवर बसणार नाही.

स्प्लेंडर_जिंदाबाद

आमच्या दूधवाल्याला सांगतो. तो आणेल. स्प्लेंडरवर.

परभणीचा_पाहुणा

आणि हिरव्या गाडीवाल्याला कोणतं काम?

चाकोरीबाहेर

खांदायचं. सायलेन्सर त्याने कालच मिस्तरींकडे बदलायला टाकलाय. येत्या रविवारी सकाळी सहाला फुलंब्रीच्या चौकात भेटू, पाऊस नसला तर. टिटवी ताई, तुम्ही येणार असाल तर वर माळावर कुठे दगड उभे करायचे ते दाखवा. नाना म्हणाले, काट्या तुम्हीच काढा, माझ्या हाताला बोचतात.